बागेच्या चढासाठी डिझेलची थार की गॅसवर चालणारी जिप्सी?

वाचकांचा प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. दापोलीजवळ आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग असून महिन्यातून दोनदा तरी तेथे जावे लागते. ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेत, मंडणगड असा आमचा नेहमीचा रस्ता आहे आणि एका बाजूचे अंतर सुमारे १८० किलोमीटर भरते. शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याची कच्ची, चढाची वाट आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि आमची साधी मोटार तेथे चढत नाही. म्हणून जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेण्याचे ठरवले आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०१२ ची मारुती जिप्सी आहे, मूळची पेट्रोल आणि नंतर सीएनजी किट बसवलेली. तिचे सव्वाचार लाख सांगतात. दुसरी २०१५ ची महिंद्र थार सीआरडीई डिझेल असून तिचे सव्वासहा लाख सांगतात. मुलगा म्हणतो, गॅस स्वस्त पडेल. मेव्हणे म्हणतात, डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते, तिच्या वाटेला जाऊ नका. प्रवासात माझ्या ७४ वर्षांच्या आई बरोबर असतात आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्याही आणाव्या लागतात. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मेव्हण्यांची शंका आधी निकालात काढू, कारण तिच्यामुळे एक पर्याय विनाकारण बाद होतो आहे. डिझेल गाडीला दहा वर्षांची आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा हा विषय दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ आणि २०१५ मधील आदेशांनी तो सुरू झाला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला आणि त्यावरील वाद पुढेही चालूच राहिला. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी डिझेल असो वा पेट्रोल, पंधरा वर्षांचीच असते आणि त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे आपण पाहिलेल्या थारची मूळ मुदत २०३० पर्यंत आहे, तर जिप्सीची २०२७ मध्येच संपते; तेव्हा या बाबतीत घाई करायची असेल तर ती जिप्सीबाबत करावी लागेल. मुंबई महानगर क्षेत्रातील पेट्रोल आणि डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे पाहण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. मात्र ती चर्चा दोन्ही इंधनांची होती, त्यामुळे तिच्यावरून या दोघींत निवड करता येत नाही. एवढे मात्र पाहा, की थारचे आरसी बुक पहिल्यापासून महाराष्ट्राचे आहे ना. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात उचलून इकडे विकणारे पुष्कळ आहेत. अशा गाडीची एनओसी आणि येथील नवी नोंदणी झालेली नसेल, तर महाराष्ट्राचा रस्ता कर आपल्याला भरावा लागेल आणि स्वस्ताई तेथेच संपेल.

आता आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्याकडे वळतो. गॅस स्वस्त पडतो हे खरे आहे, पण ते कोणाला आणि कोणत्या रस्त्यावर, हे कागदावर मांडून पाहायला हवे. हिशेबापुरते पेट्रोल १०४ रुपये लिटर, डिझेल ९१ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. जिप्सी पेट्रोलवर लिटरला १० किलोमीटर आणि गॅसवर किलोला १३ किलोमीटर देते असे मानू, आणि थार डिझेलवर १२ किलोमीटर. घाटरस्ता आणि जुनी इंजिने लक्षात घेता हे आकडे ना फार उदार आहेत, ना फार कंजूष. यावरून किलोमीटरला गॅसवर सुमारे ६ रुपये ९० पैसे, डिझेलवर ७ रुपये ६० पैसे आणि पेट्रोलवर १० रुपये ४० पैसे पडतात. गॅस आणि डिझेल यांत फरक उरतो तो जेमतेम सत्तर पैशांचा. महिन्याच्या दोन खेपा आणि गावातले फिरणे धरून आपले वर्षाचे १०,००० किलोमीटर होतील, म्हणजे वर्षाकाठी सात हजार रुपये वाचतील, आणि तेही प्रत्येक किलोमीटर गॅसवरच गेला तर.

तसा तो जाणार नाही. जिप्सीमध्ये बहुधा ६० लिटर पाणी मावेल एवढी गॅसची टाकी बसवलेली असते. तिच्यात प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस भरला जातो, आणि त्यावर गाडी ११० किलोमीटरच्या आसपास जाते. आपले अंतर १८० किलोमीटर आहे. वाटेत गॅस मिळाला नाही, तर उरलेले ७० किलोमीटर पेट्रोलवर जातील आणि सगळ्या प्रवासाची सरासरी किलोमीटरला सव्वाआठ रुपयांच्या वर, म्हणजे डिझेलपेक्षा महाग पडेल. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर एकूण धावेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भाग पेट्रोलवर गेला की गॅसची जिप्सी डिझेलच्या थारपुढे हरते. त्यामुळे आपल्या रस्त्यावर पंप कोठे आहेत, एवढी माहिती पुरेशी नाही. ते रविवारी सकाळी चालू असतात का, रांग किती असते आणि गॅसला दाब किती असतो, हेही आपण स्वतः एका खेपेत पाहून ठेवावे. नळाने थेट गॅस न येणाऱ्या पंपांवर तो ट्रकवरील टाक्यांतून आणतात. तशा पंपावर ‘प्रेशर कमी आहे’ हे वाक्य ऐकून अर्धीमुर्धी भरलेली टाकी घेऊन निघावे लागते. शिवाय गॅस भरताना सर्वांना गाडीतून उतरावे लागते. आपल्या आईंना जिप्सीच्या उंच पायरीवरून भर उन्हात उतरवणे आणि पुन्हा चढवणे हा खर्च पैशांत मांडता येत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही एवढेच.

इंजिनाच्या स्वभावात खरा फरक आहे, आणि तो आपल्या शेवटच्या तीन किलोमीटरांवर दिसेल. जिप्सीचे १,२९८ सीसीचे इंजिन ८० अश्वशक्तीचे आहे आणि त्याचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, १०३ न्यूटन-मीटर आहे, पण तो मिळतो मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर. थारचे २,४९८ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन १०५ अश्वशक्तीचे असून २४७ न्यूटन-मीटर टॉर्क ते १,८०० ते २,००० फेऱ्यांतच देते. जिप्सीचे वजन सुमारे एक टन, तर थारचे दीड टनाहून बरेच अधिक असते, हे जिप्सीच्या बाजूने धरले तरी जोराचा हा फरक भरून निघत नाही. त्यातच गॅस हा वायुरूपाने इंजिनात शिरत असल्यामुळे तो तेवढ्या हवेची जागा अडवतो, आणि त्यामुळे जोर साधारण दहा टक्क्यांनी, किट नीट जुळवलेले नसेल तर त्याहूनही अधिक घटतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) टाकल्यावर जिप्सी आपली वाट चढणार नाही असे मी म्हणणार नाही. लष्कराने तिला याहून वाईट वाटांवर वर्षानुवर्षे वापरले आहे, आणि चिखलात तिचा हलकेपणा हा मोठा गुण ठरतो. पण शेवाळलेल्या जांभ्यावर ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या वाढवाव्या लागल्या की चाके जागच्या जागी फिरतात, आणि डिझेल इंजिन तीच चढण पाय जवळजवळ न लावता, सावकाश, कुरकुर न करता चढून जाते. चढाच्या आधी बटण दाबून जिप्सी पेट्रोलवर घेता येते, हे खरे. मात्र तसे ताम्हिणीतही करावेसे वाटेल आणि वरचा पाचवा हिस्सा लवकर भरेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की गॅसने त्या इंजिनाचे काय केले आहे. पेट्रोल थेंबांच्या रूपाने आत येते आणि व्हॉल्व्हवरून जाताना त्यांना थोडे थंड आणि स्वच्छ ठेवते. गॅस कोरडा असतो आणि हे काम तो करत नाही. त्यामुळे गॅसवर सतत चालवलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातात, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासे झाले की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जाते. वेळच्या वेळी टॅपेट सेट करणाऱ्या मालकाच्या गाडीत हे फार उशिरा घडते. किट बसवल्यावर बॉनेट न उघडणाऱ्याच्या गाडीत लवकर घडते आणि हेडकाम (व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाची दुरुस्ती) नव्या मालकाच्या नशिबी येते. चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. (गॅसच्या टाकीलाही गॅरेजमध्ये सिलिंडरच म्हणतात, तेव्हा मेकॅनिकशी बोलताना कोणत्या सिलिंडरविषयी चालले आहे ते स्पष्ट करून घ्यावे, या गोंधळात माझा एकदा भलताच खर्च झाला आहे.) त्यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्यावी.

दुसरी झीज पेट्रोलच्या बाजूला होते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गॅसवर फिरणारे मालक पेट्रोलची टाकी तळाशी ठेवतात. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतानाच थंड राहतो, त्यामुळे कोरड्या टाकीत तो तापून निकामी होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल २०१२ च्या गाडीच्या टाकीत महिनोन्महिने पडून राहिले, तर रबरी नळ्या आणि इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) यांचे आयुष्य घटते. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा ती आधी केवळ पेट्रोलवर अर्धा तास चालवा, मग गॅसवर, आणि चालत्या गाडीत दोन-तीन वेळा बदलून पाहा. बदलताना हिसका बसला किंवा गाडीने बॅक मारला (इंजिनात फट् असा आवाज झाला), तर किट जुन्या मिक्सर पद्धतीचे आहे का, ते विचारा. जिप्सीच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा गॅस इंजेक्टर असलेले सिक्वेन्शियल किटच हवे. मिक्सरच्या किटमध्ये गॅस आणि हवा यांचे मिश्रण इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतच भरून राहते आणि ते तेथेच पेटले, तर एअर फिल्टरचा डबा फुटतो. एका मित्राच्या गाडीचा तो डबा घाटात फुटताना मी ऐकला आहे. टायर फुटला समजून आम्ही चारही टायर पाहून आलो होतो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद असली पाहिजे, विम्याच्या पॉलिसीतही किटची नोंद असली पाहिजे, आणि गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) चालू मुदतीची असली पाहिजे. प्रमाणपत्रावरचा क्रमांक टाकीच्या गळ्यावर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. ही टाकी २०० बार दाबाची असते, मोटारीच्या टायरमधील हवेच्या जवळजवळ शंभरपट. तेव्हा येथे संकोच करू नये. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर चासी (गाडीचा सांगाडा) पिळवटते आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आदळतात, त्यामुळे टाकीचे पट्टे, त्यांचे बोल्ट आणि खालून जाणारी दाबाची नळी हे सर्व गाडी वर उचलून पाहावे. शहरात फिरणाऱ्या मोटारीसाठी बसवलेले ब्रॅकेट फोर व्हील ड्राइव्हच्या कामाला पुरतीलच असे नाही. किटची नोंद आरसीवर नसेल, तर ‘नंतर करून घेऊ’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून व्यवहार पुढे नेऊ नये.

डिझेल म्हणजे निर्धोक, असा मात्र समज करून घेऊ नका. सीआरडीई इंजिनातील कॉमन रेलमधून (सर्व इंजेक्टरांच्या सामाईक नळीतून) डिझेल हजार बारहून अधिक दाबाने इंजेक्टरांकडे जाते आणि त्यांच्या आतील फटी इतक्या सूक्ष्म असतात, की भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल त्यांना थोड्या दिवसांत खराब करते. चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप एकदम करायची वेळ आली, तर आपला वर्षानुवर्षांचा इंधन-बचतीचा हिशेब एका दुपारी पुसला जातो. म्हणून थार पाहायला सकाळी लवकर जा आणि इंजिन आपण येण्याआधी सुरू करू नये, असे विक्रेत्याला सांगून ठेवा. थंड इंजिन एका झटक्यात सुरू व्हायला हवे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहा. तेथून दाबाने धूर येत असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. सुरू होताना क्षणभर दिसणाऱ्या धुराची काळजी नको, पण गरम झाल्यावर निळसर धूर दिसला तर ऑइल जळते आहे, आणि चढावर काळा धूर सोडत गाडी दम टाकत असेल तर टर्बो, त्याच्या नळ्या, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टर तपासून घ्यावे लागतील. चारही इंजेक्टरांचे परत येणारे डिझेल बाटल्यांत मोजण्याची सोपी चाचणी कोणताही जाणकार डिझेल मेकॅनिक अर्ध्या तासात करून देतो, ती जरूर करून घ्या. २०१५ च्या या गाडीत बीएस-सहा या नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांसारखा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) नाही, त्यामुळे छोट्या फेऱ्यांनी तो तुंबण्याची कटकट आपल्याला नाही. घेतल्यानंतर डिझेल फिल्टरमधले पाणी काढण्याची सवय तेवढी लावून घ्यावी, विशेषतः पावसाळ्यात.

आपल्या आईंविषयी आपण पत्रात एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले. जिप्सी आणि ती जुनी थार, दोन्हींमध्ये मागे सहसा समोरासमोरची बाकडी असतात; ७४ वर्षांच्या व्यक्तीने त्यांवर बसून ताम्हिणी उतरणे योग्य नाही. त्यांना पुढच्याच आसनावर बसवावे लागेल. जिप्सीच्या मागील भागात गॅसची टाकी जागा अडवते आणि लोखंडी टाकीचे साठ-सत्तर किलो वजन कायमचे मागच्या पाट्यांवर राहते, त्यामुळे हंगामात आंब्याच्या पेट्या आणि माणसे यांतून एकाची निवड करावी लागेल. थार थोडी रुंद आणि बसायला बरी आहे, पण तीही आरामाची गाडी नव्हे. उन्हाळ्यात आईंना नेण्यासाठी आपली सध्याची मोटार विकू नये, असे मी सुचवेन. कोरड्या दिवसांत ती बागेच्या पायथ्यापर्यंत नक्कीच जाते.

तर माझा कौल असा : वरच्या तपासण्यांत खरी उतरली, तर थार घ्या. ती उतरली नाही आणि बजेट सव्वाचार लाखांपाशीच थांबवायचे असेल, तर जिप्सीही घेता येईल, मात्र गॅससाठी नव्हे. आश्चर्य वाटेल, पण संपूर्ण पेट्रोलवर चालवलेली जिप्सी थारपेक्षा वर्षाला २८ हजार रुपये अधिक इंधन खाते, म्हणजे दोन लाखांचा फरक भरून निघायला सात वर्षे लागतात. तेव्हा कॉम्प्रेशन उत्तम निघाले, पण किटचे कागद किंवा ब्रॅकेट संशयास्पद वाटले, तर विक्रेत्याकडूनच किट उतरवून, आरसीवर पुन्हा केवळ पेट्रोलची नोंद करवून मग गाडी घ्यावी आणि मागे मोकळी झालेली जागा पेट्यांना द्यावी. जोर पूर्ण मिळेल आणि पंपावरच्या रांगाही सुटतील. फक्त तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च आणि खटाटोप किमतीतून वजा करून घ्यावा.

शेवटी, दोन्ही गाड्यांबाबत एक तपासणी इंजिनाच्याही आधी करावी, कारण इंजिन दुरुस्त होते आणि कुजलेली चासी होत नाही. यांतली कोणतीही गाडी किनाऱ्याजवळ राहिलेली असेल, तर खाऱ्या हवेने चासीच्या पेटीसारख्या पोकळ भागात आतून गंज धरलेला असतो आणि वरून नुकताच काळा रंग मारलेला असतो. पाटे जेथे चासीला जोडले जातात तेथे आणि बॉडीच्या बोल्टांपाशी स्क्रू ड्रायव्हरने ठोकून पाहा. त्यानंतर फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लागतात का, पुढची चाके खरोखर ओढतात का, हे मोकळ्या मातीत पाहा, डांबरावर नव्हे. या दोन्ही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळवल्यास ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण येतो. विक्रेता डांबरावरच गोल फिरवून दाखवू लागला, तर त्याने आधीही असेच अनेकांना दाखवले असणार, हे समजून ट्रान्सफर केसचे ऑइल उघडून त्यात लोखंडाचा कीस आहे का, ते पाहून घ्यावे.